रात्र मोजणारं पीक : आपल्या उष्ण भागासाठी सोयाबीनचे वाण

मंडळी, दिंडोरी म्हटलं की लोकांना द्राक्षं आणि टोमॅटो आठवतात. पण खरिपात आपण सोयाबीनही पेरतो, आणि ‘वाण कोणता घ्यावा?’ हा प्रश्न दर जूनमध्ये येतोच. त्याचं उत्तर शोधताना आधी या पिकाचा स्वभाव समजून घेऊ.

सोयाबीन मूळचं चीनचं, आणि ते रात्र मोजतं. रात्र ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी झाली की फुलोरा सुरू. ईशान्य चीनमध्ये जूनचा दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा, दिंडोरीत सव्वातेरा. म्हणजे तिकडचा वाण इथं पेरला, तर त्याला सुरुवातीपासूनच रात्र मोठी वाटते. वरून ऊब. मग झाड वाढायच्या आतच फुलतं आणि शेंगा मोजक्याच लागतात.

ब्राझीलच्या पैदासकारांनी यावर तोड काढली. रात्र मोठी असूनही उशिरा फुलणारी झाडं त्यांनी संकरासाठी वापरली. या गुणाला ‘लांब बाल्यावस्था’ म्हणतात. त्यामुळे विषुववृत्ताजवळही सोयाबीन पिकू लागलं.

मग आपणही तसेच उशिराचे वाण घ्यावेत का? इथं खरी मेख आहे. आपलं पीक पावसावर. पाऊस सप्टेंबरात लवकर उघडला, की दाणे भरताना ओल संपते आणि ऊन तापतं. म्हणून वाण जमिनीप्रमाणे निवडायचा. हलक्या रानात लवकर येणारा, जसं जे.एस. ९३०५. मध्यम ते भारी, ओल धरणाऱ्या रानात कसबे डिग्रज केंद्राचा ‘फुले संगम’ म्हणजे के.डी.एस. ७२६, तो जास्त दिवस घेतो, पण तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देतो. १९९४ साली जबलपूरहून आलेला जे.एस. ३३५ वर्षानुवर्षं सगळीकडे चालला. पण एकाच वाणावर सगळं रान सोपवलं, तर रोग आला की सगळ्यांवर एकदमच येतो.

दुसरी गोष्ट बियाण्याची. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ, अंकुर अगदी सालीलगत. मळणीत मार बसला, उन्हाळ्यात कोठीत उकाडा झाला, की उगवण घटते. मध्य भारतातला जुना काळा ‘कालीतूर’ बारीक दाण्याचा आणि कणखर सालीचा. त्याची उगवण जास्त टिकते. म्हणून पैदासकार उत्पादनाबरोबर हा गुणही तपासतात.

आपल्या हातात काय? घरचं बियाणं असेल तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि मोजा. सत्तर उगवले तर पेरा. त्याहून कमी असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. फारच कमी असतील तर ते बियाणं सोडा. दुबार पेरणीच्या खर्चापुढे ही मोजणी काहीच नाही.