मुरमाची वाट, नदीचा काठ आणि आपली लेडीज सायकल

मैत्रिणींनो, आधी एक काम करा. जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात तुमची, नाहीतर मुलीची जी सायकल धूळ खात उभी आहे, तिच्या टायरच्या कडेवरचा आकडा वाचून या. साधी लेडीज सायकल असेल तर बहुधा २६ × १ ३/८ असं दिसेल. म्हणजे टायरची रुंदी साधारण ३५ ते ३७ मिलिमीटर. दूधवाल्याच्या उंच काळ्या सायकलीचा टायर २८ × १ १/२, म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हल्ली ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाचं नवं प्रस्थ निघालं आहे. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी, मुरूम. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड. डांबरी रस्ता सोडायचा आणि कच्च्या वाटेनं लांब लांब जायचं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ पासून अशा रस्त्यांवर मोठी शर्यत होते. २०२२ मध्ये इटलीत या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, त्यात बायकांचीही शर्यत होती. हॉलंडसारख्या सपाट देशात तर माणसं पाणथळ जागांच्या कडेनं, माळावरून, कालव्याच्या बांधावरून सहज सायकल हाकत जातात. मला हे फार आवडलं. दुकानात जाऊन किंमत विचारली आणि गुपचूप बाहेर आले. तेवढ्यात घरातला फ्रिज आणि वॉशिंग मशिन दोन्ही नवी आली असती!

पण या महागड्या सायकलींचे टायर किती रुंद असतात माहीत आहे? बहुतेक ३५ ते ४५ मिलिमीटर. मग आपल्या लेडीज सायकलीनं काय घोडं मारलंय?

तेव्हापासून मी आणि माझी शेजारीण, दोघी रविवारी सकाळी चांद्याला जातो. मुळशी तालुक्यातलं हे गाव. नांदे-चांदे असं जोडीनंच म्हणतात. बालेवाडीहून म्हाळुंगे, तिथून नांदे आणि मग चांदे. जाऊन-येऊन आमचे अठरा-वीस किलोमीटर होतात. मुळशी म्हटलं की डोंगर आणि घाट डोळ्यांपुढे येतात, पण हा भाग मुळा नदीच्या खोऱ्यातला, त्या मानानं सपाट. डांबरी रस्ता सोडून शेताकडे वळलं की तांबूस मुरमाची वाट लागते. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला पिवळ्या गवताचा माळ. हॉलंडला तरी याहून वेगळं काय असणार? (मी गेलेली नाही, म्हणून बिनधास्त बोलते.)

पावसाळ्यात ही खाचरं तुडुंब भरतात, तेव्हा तिकडे फिरकू नका. शेतातली चिकण माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी बसते की सायकल उचलून आणावी लागते. दसऱ्यानंतर वाट वाळते, दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला येतो, आणि थंडीत तर विचारूच नका. धुक्यात वाट चार हात पुढचीच दिसते. उथळ पाण्यात शेकाट्या लांब गुलाबी पायांवर उभा असतो, बांधावर बगळे, आणि शेपटी वरखाली करत पळणारा धोबी, जो थंडीपुरता उत्तरेकडून येतो. टिटवी मात्र आपण तिच्या घरात चोरी करायला आल्यासारखी ओरडते. वीस मिनिटं कुणी ‘आई, माझा मोजा कुठेय?’ विचारत नाही. खरं सांगू, निम्मं सुख त्यातच आहे.

नदी इथे शहरातल्यापेक्षा बरी आहे. खाली पुण्या-पिंपरीकडे गेल्यावर तीच जलपर्णीनं झाकून जाते. ही मुळा वरून मुळशीच्या धरणातून येते. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. धरणाचं बरंच पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला वीज करायला जातं. काठावर थर्मासमधला चहा पिताना मी हे शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, “बाई, रविवारी तरी शिकवू नकोस.”

आता पडल्याची गोष्ट. लपवण्यात अर्थ नाही. गेल्या डिसेंबरात एका उतारावर वळताना मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. सुटा मुरूम तो. चाक सरकलं आणि मी आडवी. गुडघा सोलला, कोपर खरचटलं. शेतात काम करणाऱ्या एक मावशी धावत आल्या, कळशीतलं पाणी घालून गुडघा धुऊन दिला. म्हणाल्या, “पोरी, उतारावर पाय टेकवत यायचं. घाई कसली?” घरी आल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणंच जास्त लागलं. यजमान म्हणाले, “कशाला हवाय हा खटाटोप?” जाऊबाईंचा फोन आला, “या वयात शोभतं का?” वय म्हणजे काय, सदतीस!

चार रविवार मी गेले नाही. गुडघा दुसऱ्याच आठवड्यात बरा झाला होता. बरी झाली नव्हती ती भीती. आणि भीतीपेक्षाही, ‘बघा, आम्ही सांगत होतो’ हे ऐकण्याचा कंटाळा. पाचव्या रविवारी सहा वाजता सासूबाईच स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, “आजही नाही जायचं? मला सायकल यायची, ठाऊक आहे? लग्नानंतर सुटली, ती सुटलीच.” इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मी काही न बोलता हवा भरायला गेले.

तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरतेच्या मोहिमेत बायकांना मुद्दाम सायकल शिकवली, हजारोंनी त्या शिकल्या, टोमणे तर त्यांनाही खावे लागलेच. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं तर २०१८ मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्याला एवढं नको, चांदे पुरे.

तर पडून शिकलेलं सांगते. सुट्या मुरमावर वेग वळणाच्या आधीच कमी करा, वळता वळता नाही. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते निघतानाच पाहून ठेवा. आधी मागचा हळू दाबायचा, पुढचा नुसता जोडीला. हँडल आवळून धरू नका. खड्डा आला तर दोन्ही पेडल सारख्या उंचीवर आणून सीटवरून थोडं उठा, हिसका गुडघे घेतात, कंबर वाचते. हवा अगदी टणक नको, किंचित कमी असली की चाक मुरमाला धरून चालतं. फार कमी केली तर मात्र दगडावर ट्यूब चिमटते. सीटची उंची बघायची सोपी युक्ती: बसून टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेक जणी सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखले म्हणून सायकलीला नावं ठेवतात.

साडी या वाटेवर नको. सलवारीच्या पायाला रबर, ओढणी घरी. हेल्मेट हवंच, केस विस्कटले तरी. डांबरी रस्त्यावर बांधकामाचे डंपर भरधाव जातात, म्हणून तो टप्पा उजाडताच, रहदारी वाढायच्या आत उरकायचा.

आणि बाभळीचे काटे! पंक्चर काढायला शिका, एका दुपारचं काम आहे. ठिगळ लावून झालं की ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा राहिला असेल तिथे कापूस अडकतो. बोटानं चाचपाल तर काटा बोटात जाईल.

एक मात्र लवकर करा. आमच्या वाटेचा एक तुकडा या वर्षी डांबरी झाला, पलीकडे पत्रे ठोकून मोठा फलक लागलाय. मुरूम किती वर्षं राहील, सांगता येत नाही.

येताना रस्त्याच्या कडेला ताजी मेथी मिळते. सासूबाईंची फर्माईश असते, दोन जुड्या. पिशवी हँडलला अडकवू नका, चाकात जाते; मागच्या कॅरिअरला बांधा.