महिषासुराची कथा, अमूर्ताच्या वाटेने

परभणी : अमूर्त चित्रासमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘यात नेमके आहे काय?’ चित्र पुराणकथेवरचे असेल, तर गोंधळ आणखी वाढतो. कथा ओळखीची असते. पण तिच्या नेहमीच्या खुणा चित्रात सापडत नाहीत.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले तय्यब मेहता (१९२५-२००९) यांची ‘महिषासुर’ चित्रे याचे ठळक उदाहरण. काटेकोर अर्थाने ती पूर्ण अमूर्त नव्हेत. वासुदेव गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांत ओळखीची आकृतीच उरत नाही. मेहता यांनी आकृती मोडली, पण सोडली नाही.

परभणी जिल्ह्यातील अनेक कुटुंबांची कुलदेवता असलेली तुळजाभवानी ही महिषासुरमर्दिनीच. तिच्या मूर्तीत विजय कोणाचा, याविषयी शंका राहत नाही. मेहता यांच्या चित्रांत मात्र देवी आणि महिषासुर यांचे देह असे गुंतलेले असतात, की एक कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे चटकन उमगत नाही. छायाप्रकाशाला फाटा देऊन सपाट रंग आणि ताणलेल्या रेषा यांवरच सारा भर आहे. कथेचा तपशील गळतो, संघर्ष तेवढा उरतो.

या संघर्षामागे एक अनुभव आहे. १९४७ च्या दंगलींत मुंबईतील मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारल्याचे मेहता यांनी पाहिले होते. पुढे छिन्नभिन्न मानवी देह त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा येत राहिला. त्यांचा महिषासुर केवळ दुष्ट दैत्य न वाटता यातना भोगणारा जीवही वाटतो, तो त्यामुळेच.

२००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात यांपैकी एक चित्र सुमारे १५.८ लाख डॉलरला विकले गेले. किमतीची चर्चा झाली. चित्र पाहावे कसे, हे मात्र बाजूलाच राहिले.

वास्तविक मराठवाड्याला ही दृष्टी परकी नाही. माहूरची रेणुका तांदळ्याच्या रूपात पूजिली जाते, नवरात्रात देवी घटात बसते आणि शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला दगडही देव असतो. तेथे नाकडोळे कोणी शोधत नाही. चित्रासमोरही आधी रंग कोठे भिडतात, रेषा कोठे तुटते, हे पाहावे. ओळखीची कथा त्यातूनच हळूहळू उलगडते.