स्वस्त अवजारे आणि ‘आजीवन हमी’ : संच पाठवण्याआधी थोडे समजून घेऊ



भातकापणी उरकली की आपल्या मंडळ्यांतून एक विचारणा ठरलेली येते. “यंदा पाड्यावरच्या तरुणांना अवजारांचे संच द्यायचे आहेत. बाजारात चाळीस-पन्नास नगांचा संच स्वस्तात मिळतो. खोक्यावर आजीवन हमीही छापलेली असते. तोच घेऊ का?” ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून हा प्रश्न मला इतक्या वेळा आला आहे की या अंकात त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले.

थोडक्यात सांगायचे तर काही अवजारे स्वस्त घेतली तरी चालतात, काही कधीच घेऊ नयेत. आणि आजीवन हमी खोक्यावर जेवढी मोठी दिसते तेवढी ती पाड्यावर उरत नाही.

अवजार कोणाच्या हातात जाते?

आपले काम मुख्यतः मुरबाड, शहापूर आणि भिवंडी तालुक्यांतल्या कातकरी, ठाकूर आणि वारली पाड्यांवर आहे. यांतल्या कातकरी जमातीची गणना कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांत होते. खरिपाचे भात घरात आले की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात. मालकाकडून आधी उचल घ्यायची आणि मग मोसमभर ती फेडत राहायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९७६ साली वेठबिगारी बंदीचा कायदा आला, पण उचलीची सवय आणि उचलीची गरज अजून गेलेली नाही.

यातून बाहेर पडू पाहणारी मुले गवंडीकाम, नळजोडणी, वायरिंग, सुतारकाम शिकतात. कोणी कसारा लोकलने, तर कोणी मुरबाडहून एसटीने कल्याणला येतो आणि नाक्यावर उभा राहतो. ज्याच्या पिशवीत स्वतःची अवजारे असतात त्याला कारागीर म्हणून नेतात. ज्याच्याकडे काही नसते तो बिगारी. दोघांच्या मजुरीत मोठा फरक असतो. अवजार मोडले तर कारागिराचा त्या दिवशी बिगारी होतो. असे चार दिवस गेले की घरात पुन्हा उचलीचा विषय निघतो. म्हणून शंभर रुपयांच्या पकडीचा एवढा विचार करायचा.

स्वस्त अवजार स्वस्त का असते?

आकार तोच, रंग तोच, चकाकी तर कधी कधी जास्तच. फरक असतो पोलादात आणि त्याला दिलेल्या ‘पाण्यात’. लोहार तापलेले पाते पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करतो, मग पुन्हा थोडे तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतो. कारखान्यातही भट्टीत हेच होते. ही पायरी घाईने उरकली की दोनपैकी एक दोष राहतो. पोलाद मऊ राहिले तर पान्याचा जबडा फाकतो, स्क्रू ड्रायव्हरचे टोक पिळवटते, पक्कड तार कापण्याऐवजी चेपते. उलट ते फार कडक झाले तर हातोडीचा किंवा छिन्नीचा तुकडा उडतो, आणि तो डोळ्यात जाऊ शकतो. वरच्या चकचकीत मुलाम्यावरून आतले काहीच कळत नाही.

कुठे स्वस्त चालेल, कुठे चालणार नाही

गवंड्याचा ओळंबा, दोरी, घमेले, रंधा, लाकडी पाटा, पाण्याची लेव्हल ट्यूब या वस्तूंत महाग घेऊन फारसे साधत नाही. शिकाऊ मुलाला पहिली मोजपट्टीही साधी चालते, फक्त ती एका खात्रीच्या पट्टीशी ताडून पाहावी.

पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, छिन्नी, पटाशी आणि करवत यांत मात्र काटकसर महाग पडते. समजा, शंभर रुपयांची पक्कड चार महिन्यांत गेली. वर्षाला तीन लागल्या, म्हणजे तीनशे रुपये झाले. तेवढ्याच पैशांत चांगली पक्कड आली असती आणि ती काही वर्षे टिकली असती. शिवाय पक्कड दुकानात मोडत नाही, ती कामावर मोडते. त्या दिवसाची बुडालेली मजुरी या हिशेबात अजून धरलेलीच नाही.

वायरमनच्या पकडीबाबत तर तडजोड नकोच. मुठीवर रंगीत प्लास्टिक चढवले म्हणजे विजेपासून संरक्षण मिळाले असे होत नाही. बरेचदा ते आवरण पकड घट्ट बसावी एवढ्यासाठीच असते. विजेच्या कामासाठी चाचणी झालेल्या अवजारावर एकात एक अडकलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि ‘१००० व्होल्ट’ असा उल्लेख असतो. तो पाहूनच घ्यावे, आणि तरीही मेन स्विच बंद करूनच काम करावे, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे.

मोठ्या संचाऐवजी सुटी सात-आठ अवजारे घ्यावीत हे उत्तम. पन्नास नगांतले तीस नग गवंड्याच्या किंवा वायरमनच्या कामाचेच नसतात. सुटी, मध्यम किमतीची, भरवशाची अवजारे आपल्याकडे सहज मिळतात. नाशिकच्या सातपूरला हातअवजारांचा मोठा कारखाना आहे, रत्नागिरी-चिपळूणला कानशी बनतात, पंजाबात जालंधर-लुधियाना तर या धंद्यासाठीच ओळखले जातात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हे सगळे एका रांगेत पाहायला मिळते.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन?

ही कल्पना अमेरिकेत रुजली. तिथे सीअर्स कंपनीच्या क्राफ्ट्समन अवजारांची आजीवन हमी प्रसिद्ध होती. मोडलेला पाना घेऊन दुकानात जायचे आणि नवा घेऊन यायचा. हे चालले, कारण सीअर्सची दुकाने गावोगावी होती. २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हे नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतले आणि २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. अवजार तेच होते, पण ते बदलून देणारे शेजारचे दुकान राहिले नाही. हमीची किंमत तिच्या शब्दांवर कमी आणि ती पाळणाऱ्या दाराच्या अंतरावर जास्त अवलंबून असते.

आपल्याकडच्या हमीपत्रांतली बारीक अक्षरे वाचली तर साधारण पाच गोष्टी आढळतात. हमी फक्त बनावटीतल्या दोषाला असते, वापराने झालेल्या झिजेला नसते. ब्लेड, ड्रिल बिट, कानस अशा झिजणाऱ्या वस्तू तिच्यात येत नाहीत. ‘आजीवन’ म्हणजे बहुधा वस्तूचे अपेक्षित आयुष्य, माणसाचे नव्हे. मूळ बिल लागते. आणि हमी अनेकदा फक्त पहिल्या ग्राहकाला असते.

ही शेवटची अट आपल्याला थेट लागू पडते. आपण डोंबिवलीत आपल्या नावाने बिल करतो आणि संच शहापूरच्या पाड्यावर पोहोचतो. कागदावर पहिले ग्राहक आपण. दोन वर्षांपूर्वी एका हितचिंतकाने पाठवलेल्या संचातला पाना फाकला. बदलून मिळावा म्हणून विचारले, तर मूळ बिल आणि अवजार स्वखर्चाने परराज्यातल्या पत्त्यावर पाठवा, असे उत्तर आले. कुरियरला पान्याहून जास्त पैसे पडले असते. त्या मुलाने पाना गुंडाळून ठेवला आणि त्या आठवड्यात दुसऱ्याच्या हाताखाली काम केले.

कायदा काय देतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आपल्या लोकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी आहेत. पहिली : स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी विकत घेतलेले अवजार ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, म्हणजे नाक्यावरचा कारागीरही ग्राहकच. दुसरी : योग्य चाचणीचा आधार नसताना वस्तू अमुक काळ टिकेल अशी हमी देणे आणि बिल नाकारणे, या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. तिसरी : ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे मुरबाडच्या माणसाला ठाण्याबाहेर जावे लागत नाही. चौथी : पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. अनेकदा तेवढ्यानेही काम होते.

पण तीनशे रुपयांच्या पान्यासाठी दोन दिवसांची मजुरी कोण बुडवणार? म्हणून खरी काळजी घ्यायची ती खरेदीच्या वेळीच.

लोहाराची हमी

पाड्यावरचा माणूस कमरेच्या आकडीत जो कोयता अडकवतो, त्याला कोणी छापील हमी देत नाही. तो बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादातून लोहाराने घडवलेला असतो. राबासाठी फांद्या तोडताना धार गेली की लोहार ती काढून देतो, दांडा सैल झाला की पाचर मारतो. पूर्वी बलुतेदारीत लोहार वर्षभर गावाची अवजारे दुरुस्त करी आणि खळ्यावर धान्याचा वाटा घेई. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण दुरुस्ती करणारा हात जवळ असावा, हे तिच्यातले शहाणपण खरे होते.

पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने येते. इस्राएलात लोहार उरू दिला नव्हता, म्हणून फाळ आणि कुऱ्हाड पाजवायलाही लोकांना पलिष्ट्यांकडे जाऊन पैसे मोजावे लागत. अवजार स्वतःचे असले तरी त्याची धार दुसऱ्याच्या हाती असेल, तर माणूस मोकळा होत नाही.

आपण काय करावे?

१. सुटी अवजारे घ्या, आणि शक्यतो ज्याला द्यायची त्याला सोबत नेऊन घ्या. कोणती मूठ हाताला बसते ते त्यालाच कळते.

२. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, जबड्यांतून फट दिसू नये. सांधा डुगडुगत नाही ना ते पाहा. हातोडीच्या दांड्याचे रेषे लांबीच्या दिशेने जात असावेत.

३. बिल कारागिराच्या नावाने करा. त्याचा आणि हमीपत्राचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण बिलाची शाई वर्षात उडते.

४. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन क्रमांक नसेल, तर ती हमी विसरा.

५. प्रत्येक संचाबरोबर एक कानस, धारेचा दगड आणि तेलाची बाटली द्या. पावसाळ्यात कुडाच्या घरात गंज लवकर धरतो.

६. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांच्या कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. लोहार, सुतार आणि गवंडी त्यात येतात. आपल्या मंडळीतले कोणी अर्ज भरून द्यायला मदत करील, तर तेही मोठे दान आहे.

या तिमाहीत शक्य असेल त्यांनी पन्नास नगांच्या दोन संचांऐवजी एका तरुणाची आठ चांगली अवजारे आणि वर्षभराच्या धारेचा खर्च उचलावा. कोणत्या कामाला कोणती आठ लागतात, याची यादी आमच्या कार्यालयात तयार आहे. खरेदीला निघण्याआधी ती जरूर मागून घ्या.