बुऱ्हाणपूरचे वार्तापत्र : ॲव्हरेज मान्य, घाटाचे बोला

मुक्ताईनगरहून उत्तरेला निघाले की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. केळीच्या बागा त्याच राहतात, हॉटेलात मराठी चालते, पाट्यांची लिपीही तीच. बदलते ती गाड्यांवरची अक्षरे. एमएच १९ विरळ होते आणि एमपी ६८ दिसू लागते. इच्छादेवीची टेकडी मागे टाकून वीसेक किलोमीटर गेले की तापीकाठचे बुऱ्हाणपूर. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत ते मध्य प्रदेशात राहिले आणि २००३मध्ये खंडव्यापासून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाले. मोगलाईत सुरतेहून आग्र्याला जाणारी वाट इथून जायची. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ साली शहजादा परवेझला भेटला तो याच गावात. आज यंत्रमाग आणि केळी हे इथले मोठे धंदे, पण गावाची नाडी अजूनही रस्त्यावरच लागते.

तो रस्ता म्हणजे इंदूर-इच्छापूर मार्ग. मोठा दवाखाना, विमानतळ, कॉलेजचा प्रवेश, लग्नाचा बस्ता, यातले काहीही निघाले की बुऱ्हाणपूरकर सुमारे १८० किलोमीटरवरच्या इंदूरची वाट धरतो किंवा खाली जळगावला उतरतो. त्यामुळे इथे गाडीवर बोलणारा माणूस शहरातल्या सिग्नलचा विचार करत नाही. सहा माणसे, त्यांच्या बॅगा, एखादा पेशंट आणि मध्ये घाट, हा त्याचा हिशेब असतो. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रीड गाड्यांच्या पुढच्या पिढीकडून त्याला काय हवे, हे समजून घ्यायचे तर आधी त्याने काय गमावले ते पाहावे लागते.

त्याने डिझेल गमावले. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. डिझेलची डिझायर, डिझेलची अर्टिगा ही या पट्ट्यातल्या टॅक्सीवाल्यांची लाडकी वाहने होती. चढावर दम, पंपावर काटकसर, डिक्की मोकळी आणि कुठलाही मिस्त्री बोनेट उघडून हात घालू शकेल असे इंजिन. नंतर अनेकजण सीएनजीकडे वळले. पैसे वाचले, पण डिक्कीत टाकी बसली आणि घाटात गाडी धापा टाकू लागली. हायब्रीडकडे इथले लोक पर्यावरणाच्या किंवा नव्या तंत्राच्या कौतुकाने पाहत नाहीत. डिझेलची रिकामी जागा ती भरणार का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

‘हायब्रीड’ या नावावर थोडा संशयही आहे आणि त्याला कारण आहे. २०१५च्या सुमारास सियाझ आणि अर्टिगावर हायब्रीडची पट्टी लागली. ती माइल्ड हायब्रीड होती. बॅटरी इंजिनाला किंचित हातभार लावायची, पण एकटी गाडी हलवू शकत नव्हती. खरी स्ट्राँग हायब्रीड सर्वसाधारण ग्राहकाच्या नजरेच्या टप्प्यात आली ती २०२२मध्ये: मे महिन्यात होंडा सिटी, सप्टेंबरात टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा, वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस. टोयोटाने जपानात १९९७मध्ये प्रियस आणली होती. ते तंत्र मध्यमवर्गाच्या किमतीजवळ यायला पंचवीस वर्षे लागली.

या गाड्या भिंतीला लावून चार्ज करायच्या नसतात. टोयोटाच्या रचनेत पेट्रोल इंजिन आणि विजेच्या दोन मोटारी एका गिअरसंचात जोडलेल्या असतात. सुरुवात आणि हळू चाल विजेवर, वेग वाढला की इंजिन, आणि ब्रेक लावला की चाकांचीच ऊर्जा परत बॅटरीत. ग्रँड विटाराचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. आकडा खोटा नाही, पण तो प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा आहे; तिथे घाट नसतो, एसी बंद असतो आणि मागच्या सीटवर मामाचे कुटुंब नसते.

आता हीच गाडी इंदूर रस्त्यावर घालू. मोरटक्क्याला नर्मदेच्या पुलापाशी ओंकारेश्वरची गर्दी तुंबते. श्रावणात तर विचारू नका. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की दोन्हीकडे रांगा लागतात. अशा ठिकाणी हायब्रीड खरोखर जिंकते. इंजिन बंद, एसी बॅटरीवर, आणि बॅटरी उतरली की इंजिन थोडा वेळ चालून तिला भरते व पुन्हा गप्प बसते. शेजारची डिझेल जीप त्या वेळात नुसती धूर काढत उभी असते. क्लच नाही, त्यामुळे डावा पाय मोकळा. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. हायब्रीड चालवलेला ड्रायव्हर सगळ्यात आधी याचीच तारीफ करतो.

मग घाट येतो. इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. सिमरोल आणि भेरूघाट उतरून बडवाहला नर्मदेच्या खोऱ्यात येईपर्यंत गाडी तीनशेहून अधिक मीटर खाली आलेली असते. दीड टनाची गाडी तीनशे मीटर खाली आणताना सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळवण्याजोगी ऊर्जा सुटते. थोडी हवेत आणि टायरांत जाते हे धरले तरी हायरायडरची पाऊण युनिटची बॅटरी तळाला पोचण्याआधी भरू शकते, कारण तिची सगळी क्षमता गाडी वापरूच देत नाही. भरल्यावर पुढचा उतार फुकट जातो आणि वेग आवरायला इंजिनच लागते. परतीच्या चढावर उलटे होते: बॅटरी लवकर उतरते आणि मोठ्या आवाजात ओढत राहते ते एकटे दीड लिटरचे इंजिन. डिझेलचा खालच्या फेऱ्यांवरचा जोर ज्याने अनुभवला आहे, त्याला हा आवाज खटकतो.

म्हणून पहिली मागणी थोड्या मोठ्या बॅटरीची आहे, सगळा उतार पोटात घेऊन तो चढावर परत देणारी. चीनमध्ये बीवायडीने २००८मध्येच प्लग-इन हायब्रीड बाजारात आणली आणि आज तिथे मोठी बॅटरी व छोटे इंजिन ही जोडी सर्रास विकली जाते. रात्री घरच्या सॉकेटवर भरा, गावात विजेवर फिरा, इंदूरला जाताना पेट्रोल आहेच. चार्जरच्या शोधात रस्ता न बदलता विजेची बचत मिळावी, हे बुऱ्हाणपूरला आवडणारे गणित आहे.

पण बॅटरी मोठी म्हणजे दुसरी तक्रार मोठी. ग्रँड विटाराच्या साध्या गाडीत ३७३ लिटरची डिक्की आहे, हायब्रीडमध्ये २६५ लिटरची. शंभर लिटर म्हणजे दोन बॅगा. सीएनजीच्या टाकीतून सुटलो आणि बॅटरीत अडकलो, असे टॅक्सीवाले म्हणतात ते याचमुळे. बॅटरी सीटखाली सरकावी, स्टेपनी जागच्या जागी राहावी, ही अपेक्षा त्यांना किरकोळ वाटत नाही. टॅक्सीचे भाडे सामानासकट ठरते. आणखी एक गोष्ट कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली असते, पण कोणी वाचत नाही. बॅटरी थंड ठेवणारा पंखा हवा आतून, मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढतो. त्या जाळीवर गाठोडे टेकवले किंवा धुळीने फिल्टर बुजला की बॅटरी तापते. निमाडचा उन्हाळा आणि यंत्रमागाच्या गावातला कापसाचा तंतू एकत्र आला की हा फिल्टर वरचेवर साफ करावा लागणार. पुढच्या पिढीत तो बाहेरून, हाताने काढता यावा.

तिसरा मुद्दा मिस्त्रीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत वजनाचा. हायब्रीडमधल्या उच्च दाबाच्या नारिंगी तारांना हात लावायचा नाही, हे इथल्या गॅरेजमध्ये सगळ्यांना माहीत झाले आहे. त्यापुढे काय करायचे ते कोणी शिकवलेले नाही. कंपन्या हायब्रीड बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. घरच्या गाडीला आठ वर्षे पुरतात. रोज दोनशे किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीचे १ लाख ६० हजार तिसऱ्या वर्षाच्या आतच भरतात, तेव्हा कर्जाचे हप्ते चालूच असतात. मंगोलियात जपानहून आलेल्या जुन्या प्रियस हजारोंनी धावतात, कारण त्या स्वस्त मिळाल्या आणि तिथल्या गॅरेजांनी त्यांची दुरुस्ती आत्मसात केली. बॅटरीचा पूर्ण संच न बदलता खराब झालेला भाग तेवढा बदलता यावा आणि ते काम जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावे, एवढे झाले तर इथला टॅक्सीवाला ॲव्हरेज दोनाने कमी चालवून घेईल.

आता पैशाचे. या राज्यातली एक रीत महाराष्ट्रातल्या वाचकाला नवी वाटेल. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि २०२४पासून उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात घेतलेल्या गाडीला मोटार वाहन करात ५० टक्के सूट दिली गेली आहे. अट अशी, की नोंदणी त्याच शहरात करायची. म्हणून एमपी १३ची, म्हणजे उज्जैनची पाटी दिसली की मालक उज्जैनचाच असेल असे समजू नये. महाग गाडीला सूटही मोठी, त्यामुळे हायब्रीड घ्यायचा विचार असणारा माणूस मेळ्याची तारीख विचारून मगच शोरूममध्ये जातो. उत्तर प्रदेशाने २०२४मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा रस्ता कर माफ केला, तेव्हा इथेही तशी आशा बोलून दाखवली गेली.

केंद्राचा कर मात्र मेळ्यात उतरत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी ५ टक्के, चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रीडला १८ आणि त्यावरच्या हायब्रीडला ४० टक्के आहे. हायरायडर, ग्रँड विटारा आणि सिटी या तिन्ही ४० टक्क्यांच्या बाजूला पडतात. म्हणजे चार मीटरच्या आतली, छोट्या इंजिनाची स्ट्राँग हायब्रीड आली तर तिला करातच मोठी सवलत तयार आहे. ‘डिझायरएवढी हायब्रीड कधी?’ हा इथे ऐकू येणारा प्रश्न अडाणी नाही. तो करतक्त्याकडे बघूनच विचारलेला आहे.

इंधनाकडेही लक्ष आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडे घटणारच. ऊस आणि मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्यात आपला भाव दिसतो. ऑगस्ट २०२३मध्ये नितीन गडकरींनी इथेनॉलवर चालणारी हायब्रीड इनोव्हा दिल्लीत सादर केली होती. इथेनॉलमुळे घटणारे ॲव्हरेज हायब्रीडने भरून काढायचे, ही त्यामागची कल्पना. नवलसिंह सहकारी साखर कारखाना असलेल्या या जिल्ह्यात ती लवकर पटते. गाडी बाजारात येण्याची तेवढी वाट आहे.

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तिथली ११.३ किलोमीटरची वेगाची धावपट्टी २०२१मध्ये खुली झाली. गाड्या तिथे तासाला दोनशेच्या पुढे पळवून पाहता येतात. इंदुरातूनच सुटणारा इच्छापूर रस्ता मात्र भरलेली गाडी, मे महिन्याचे ऊन आणि भेरूघाट यांची परीक्षा फुकटात घेतो. कंपन्यांनी तीही द्यावी, पण जरा घाईने. कारण या रस्त्याचे चौपदरीकरण चालू आहे. घाटात तीन बोगदे आणि नर्मदेवर नवा पूल होतो आहे. काम पुरे झाले की जिथे हायब्रीड जिंकते त्या रांगा आणि जिथे ती धापा टाकते ते चढ, दोन्ही कमी होतील. मग उरेल ताशी ९०-१००ची सलग चाल, आणि तिथे हायब्रीडचा फायदा सगळ्यांत कमी असतो. आज तुंबलेल्या रस्त्यावर जे वाचते त्या जोरावर पुढची गाडी विकता येणार नाही. सरळ रस्त्यावरही ती वाचवते का, आणि बिघडली तर बुऱ्हाणपुरातच सुधारते का, हे दोन प्रश्न इथले गिऱ्हाईक तेव्हा विचारील.