अध्यापक-पदवीची चार वर्षे, आणि पुढे?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाने प्राथमिक शिक्षकांच्या जगात मोठी खळबळ उडाली. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या ज्या शिक्षकांनी शिक्षक पात्रता परीक्षा दिलेली नाही आणि ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण झाली पाहिजे, असा हा निर्णय आहे. पंधरा-वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या गुरुजींनी आता पुन्हा परीक्षेला बसावे काय, यावर तेव्हापासून वाद झडत आहे. मुलांच्या हिताशी तडजोड नको, असे एक बाजू म्हणते; अनुभवाची ही अवहेलना आहे, असे दुसरी म्हणते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु हा सारा वाद प्रमाणपत्राभोवती फिरतो आहे, आणि त्यामुळे त्याच्या आधीचा प्रश्न बाजूला पडतो आहे. शिक्षकाच्या व्यवसायाकडे आज कोण वळतो, आणि कोणत्या भरवशावर वळतो, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आज निकडीचा होण्याचे कारण म्हणजे अध्यापक-शिक्षणाची सारी घडी आता बदलू पाहत आहे. शालेय शिक्षकाची किमान अर्हता २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असावी, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. त्यानुसार एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रम २०२३-२४ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. आरंभी देशातील ५७ संस्थांची निवड त्यासाठी झाली. बारावीनंतर राष्ट्रीय पातळीवरील प्रवेश परीक्षा द्यावयाची, चार वर्षे महाविद्यालयात राहावयाचे आणि कला, विज्ञान वा वाणिज्य शाखेची पदवी व बी.एड. या दोन्ही गोष्टी एकत्रच पदरात पाडून घ्यावयाच्या, अशी ही योजना आहे.

योजना चांगली, पण जुनी

ही कल्पना नवी नाही. १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन झाली, तेव्हा तेथे असेच चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम चालविण्यात आले. अध्यापक विद्यालये विद्यापीठीय जीवनापासून तुटलेली आहेत, अशी तक्रार कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात केली होती. चट्टोपाध्याय आयोगाने १९८५ मध्ये चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची शिफारस केली. दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी चार वर्षांची स्वतंत्र पदवी सुरू केली. म्हणजे तत्त्वाबद्दल मतभेद फारसा कधी नव्हताच.

तत्त्वतः ही योजना स्वागतार्हही आहे. सध्याच्या पद्धतीत पदवीची तीन वर्षे विषय शिकण्यात जातात आणि तो विषय मुलांना कसा समजवावा, याचा विचार पदवी हाती पडल्यानंतर सुरू होतो. तोपर्यंत अनेकांचा मूळ विषय विस्मृतीत गेलेला असतो. मग पाठटाचणांच्या वह्या सुबक अक्षरात भरल्या जातात, तक्ते रंगविले जातात, सूक्ष्म अध्यापनाचे धडे एकमेकांनाच विद्यार्थी कल्पून दिले जातात आणि ठरावीक सराव पाठ पुरे झाले की शिक्षक तयार झाला, असे मानले जाते. अपूर्णांकाच्या बेरजेत मूल नेमके कोठे अडखळते, हे ज्याने वर्षभर जवळून पाहिले आहे, तो शिक्षक आणि ज्याने अपूर्णांकावर एक देखणा पाठ दिला आहे, तो शिक्षक यांत अंतर असते. विषय आणि अध्यापन चार वर्षे हातात हात घालून चालले तर हे अंतर कमी होण्याचा संभव आहे.

परंतु उत्तम अभ्यासक्रमाला उत्तम विद्यार्थीही लागतात. अठराव्या वर्षी एखाद्या हुशार मुलीने आपली चार वर्षे या एकाच व्यवसायाला बांधून घ्यावीत, अशी आपली अपेक्षा आहे. साधी पदवी घेतली तर बँक, स्पर्धा परीक्षा, खासगी नोकरी असे अनेक दरवाजे उघडे राहतात. अध्यापक-पदवीची किंमत ही की त्यांतील पुष्कळ दरवाजांची तयारी बाजूस ठेवावी लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही अत्यंत विशिष्ट स्वरूपाची गुंतवणूक आहे. आणि अशी गुंतवणूक माणूस भविष्यातील मिळकतीविषयी काही किमान निश्चिती असल्याखेरीज करीत नाही.

डी.एड.चा धडा

याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. महाराष्ट्रात एक काळ असा होता की बारावीला उत्तम गुण मिळविलेली ग्रामीण भागातील मुले-मुली अभियांत्रिकीचा विचारही न करता डी.एड.ला जात. विशेषतः मुलींच्या बाबतीत हा अभ्यासक्रम म्हणजे घराबाहेर पडण्याचा राजमार्ग होता. शासकीय अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे गावात पेढे वाटले जात. या आकर्षणाचे कारण अभ्यासक्रमाच्या श्रेष्ठतेत नव्हते. दोन वर्षांनी जिल्हा परिषदेची नोकरी मिळणार, ही खात्री हेच ते कारण होते. गुणवत्ता निश्चितीच्या मागे गेली.

पुढे जे झाले ते कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको. भाव चढला म्हणून सर्वांनी लागवड केली. फरक इतकाच की येथे लागवड करणारे संस्थाचालक होते आणि माल होता मुलांचे आयुष्य. अध्यापक विद्यालयांचे पेव फुटले. राज्यातील अशा २९१ विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये आयोगाचा अहवाल आला, आणि तपासलेल्या विद्यालयांपैकी बहुसंख्य विद्यालये मान्यतेस पात्र नसल्याचे त्यातून निष्पन्न झाले. त्याच वर्षी मे महिन्यात राज्य शासनाने शिक्षक-भरतीवर निर्बंध आणले. पुरवठा शिगेस पोहोचला आणि मागणी थांबली. पाहता पाहता विद्यालयांतील जागा रिकाम्या राहू लागल्या, एकामागून एक विद्यालये बंद पडली, आणि पदविका घेतलेले हजारो तरुण दुकानांत, खासगी शिकवण्यांवर किंवा शेतावर परतले.

त्यानंतरची भरती कशी झाली, हेही पाहण्यासारखे आहे. भरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी झाली ती २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या दोहोंमधील पाच वर्षांत ज्याने पदविका घेतली, त्याने करावयाचे काय? निवड झालीच तर आरंभीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावयाची. प्राथमिक शाळेतील हे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार झाले तेदेखील २०२३ मध्ये. चार वर्षांची पदवी, त्यानंतर पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग प्रतीक्षा आणि मग तीन वर्षे मानधन, असा हा क्रम आहे. विद्यार्थिनी जेव्हा विचारतात, ‘सर, चार वर्षांचे बी.एड. करू का?’ तेव्हा प्रस्तुत लेखकाला प्रामाणिक उत्तर देणे जड जाते.

परीक्षा काय मोजते?

प्रवेशद्वाराशी भिंत उंच करीत जाणे म्हणजे गुणवत्ता वाढविणे, असा आपल्या धोरणकर्त्यांचा समज दिसतो. पात्रता परीक्षेत दीडशे वस्तुनिष्ठ प्रश्न असतात. त्यांत साठ टक्के गुण मिळविणारा उत्तीर्ण होतो, राखीव प्रवर्गांना काही सवलत असते. किमान ज्ञान तपासण्यापुरती ही चाचणी उपयुक्त आहे, आणि ती नसावी असे कोणी म्हणू नये. पण उमेदवार चाळीस मुलांसमोर उभा राहून काय करतो, हे पाहण्याची सोय तीत नाही. शिवाय जेथे जागा थोड्या आणि उमेदवार अमाप, तेथे प्रमाणपत्राला बाजारभाव येतो. महाराष्ट्रातील पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार २०२१ मध्ये उघडकीस आला, आणि पुढील वर्षी सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्यातील दोष व्यक्तींचा होताच. परंतु टंचाईतून काळा बाजार निर्माण होतो, हा नियम शिधापत्रिकेइतकाच प्रमाणपत्रालाही लागू आहे.

नियमही वारंवार बदलत राहिले. २०१८ मध्ये बी.एड. पदवीधरांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरविण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता, कारण लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे आहे. पण मधल्या पाच वर्षांत शासनाच्या शब्दावर विसंबून ज्यांनी आयुष्याची आखणी केली, त्यांच्या नुकसानीचा हिशेब कोणी मांडला नाही.

शासनाची अडचण

यावर वित्त विभागाचे उत्तर ठरलेले आहे. वेतनावरील खर्च वाढता आहे, खेड्यांतील शाळांची पटसंख्या घसरते आहे, संचमान्यतेत काही ठिकाणी शिक्षक अतिरिक्त ठरत आहेत. अशा स्थितीत नोकरीची हमी कोण देणार? ही अडचण खोटी नाही. पदवी घेणाऱ्या प्रत्येकास नोकरी द्या, अशी मागणीही कोणी करीत नाही. प्रश्न आहे तो अंदाज बांधण्याचा आणि तो उघड करण्याचा.

एखाद्या कारखान्यास दहा वर्षांनी किती कामगार लागतील, हे सांगणे कठीण. शिक्षकांच्या बाबतीत ते तुलनेने सोपे आहे. प्रत्येक शिक्षकाच्या निवृत्तीची तारीख त्याच्या सेवापुस्तकात नोंदलेली असते. जी मुले सहा वर्षांनी पहिलीत येणार, ती आज जन्मलेली आहेत. प्रत्येक शाळेचा पट यू-डायसमध्ये नोंदविला जातो. पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्याने घालून दिले आहे. एवढ्या माहितीवरून जिल्हावार, विषयवार गरजेचा अंदाज काढता येतो, आणि राज्यांनी पुढील दोन दशकांसाठी तो काढावा, असे खुद्द राष्ट्रीय धोरणातच म्हटले आहे. ग्रामीण भागातील गुणवान विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या बी.एड.साठी शिष्यवृत्ती द्यावी आणि त्यांना त्यांच्याच भागात नेमणुकीत प्राधान्य द्यावे, हेही त्याच धोरणात आहे. पदवीचा भाग तेवढा उचलला गेला आणि भरवशाचा भाग कागदावर राहिला, तर डी.एड.चीच पुनरावृत्ती अधिक खर्चिक रूपात होईल.

म्हणून तीन गोष्टी अगत्याने व्हाव्यात. पहिली, चार वर्षांनंतरच्या अपेक्षित रिक्त जागा दर वर्षी प्रवेशापूर्वी प्रसिद्ध व्हाव्यात आणि नव्या महाविद्यालयांची मान्यता व प्रवेशसंख्या त्यांच्याशी बांधली जावी. दुसरी, भरतीची चाचणी दर वर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी. जागा थोड्या असल्या तरी चालतील, पण तारीख निश्चित असावी. तिसरी, प्रमाणपत्रात वर्गातील प्रत्यक्ष कामाला वजन असावे. अध्यापक महाविद्यालयाशी जोडलेल्या शाळेतील अनुभवी शिक्षकाने उमेदवाराला वर्षभर पाहून दिलेल्या अभिप्रायाला लेखी परीक्षेइतके महत्त्व मिळाले, तर आज डावलल्या गेल्याची भावना असलेल्या ज्येष्ठ शिक्षकांच्या अनुभवाचाही तेथे सन्मान होईल. अर्थात त्यासाठी त्यांना अशैक्षणिक कामांतून मोकळीक द्यावी लागेल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले, ते ग्रामीण भागातील मुलांना शिकविण्यासाठी त्याच भागातील शिक्षक तयार व्हावेत म्हणून. शिकणाऱ्याला आपण कोठे आणि कशासाठी जाणार, हे ठाऊक होते. आजच्या चार वर्षांच्या पदवीधराला निदान एवढे तरी सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर ज्यांना दुसरीकडे वाट आहे, ती मुले दुसरीकडे जातील. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्या मुलाला दुसरी शाळाच नाही, त्याच्या वाट्याला उरलेले येतील. याचे मोल आपण पुढची तीस वर्षे फेडीत राहू, कारण एक शिक्षक साधारणतः तेवढा काळ वर्गात उभा असतो.