काच पुसणाऱ्याची शिडी

संक्रांतीला गच्च्यागच्च्यांवरून पतंग उडवणाऱ्या येवल्याला उंचीचे भय नाही. पण पैठणीच्या दुकानाची दर्शनी काच पुसणाऱ्याने ते जरूर बाळगावे. अवघ्या २ मीटरवरून निसटलेला माणूस ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. सावरायला पाऊण सेकंदही मिळत नाही.

शिडी ४ फूट उंच टेकली, तर पाया भिंतीपासून १ फूट दूर हवा, म्हणजे साधारण ७५ अंशांचा कोन.

त्याहून उत्तम म्हणजे वर चढूच नये. लांब दांड्याच्या ब्रशातून क्षार काढलेले पाणी सोडले, की जमिनीवरूनच काच धुता येते, वाळल्यावर डागही राहत नाहीत.

दोरावर लटकावेच लागले, तर नुसता कमरपट्टा घातक. झटका मांड्या, छाती, खांद्यांत वाटणारा पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा. दुकानदारांनो, दिवाळीच्या सफाईआधी तो तुम्हीच आणून द्या.