ट्रकच्या ‘युरिया’ सिस्टिमची वॉरंटी: क्लेम कुठे पास होतो, कुठे अडकतो?

फोन पाण्यात पडला आणि तुम्ही तो सर्व्हिस सेंटरला नेला, की तिथला माणूस आधी सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारतो. आतलं पांढरं स्टिकर लाल झालेलं दिसलं की विषय संपला. वॉरंटीत बसत नाही. आपण कितीही शपथा घेतल्या तरी तो स्टिकरवरच विश्वास ठेवतो.

ट्रकमध्येही असं एक ‘स्टिकर’ असतं, फक्त ते सॉफ्टवेअरचं असतं. माझ्या मामांना ते उशिरा कळलं. त्यांचा एकच ट्रक आहे आणि तो ते स्वतः चालवतात. जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरायची आणि निघायचं. एका फेरीत समृद्धीवर डॅशबोर्डचा दिवा लागला आणि गाडीची ओढ कमी झाली. सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप जोडला, टाकीतलं युरियाचं सॅम्पल घेतलं आणि सांगितलं: कॅटलिस्ट खराब झालंय, क्लेम होणार नाही. मामा म्हणाले, “अरे, युरिया तर मी नेहमी भरत होतो!” भरत होते, हे खरं. पण कुठला भरला, याचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. बिल लाखात गेलं आणि गाडीचा हप्ता चालूच होता.

आधी सिस्टिम समजून घेऊ

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६ नियम लागू झाले. आपण बीएस ४ वरून थेट ६ वर उडी मारली. त्यामुळे मोठ्या डिझेल ट्रकच्या सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपमध्ये एक छोटा केमिकल प्लांटच आला. त्याचे मुख्य भाग असे:

- डीपीएफ: धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. काजळी साठली की सिस्टिम तापमान वाढवून ती जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात.
- एससीआर कॅटलिस्ट: इथे गरम धुरात डीईएफ फवारलं जातं. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजन आणि पाण्यात करतो.
- सेन्सर आणि ईसीयू: ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. सगळ्यावर लक्ष ठेवतो आणि बिघाडाची नोंद करतो. तेच आपलं ‘स्टिकर’.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. ड्रायव्हर मंडळी त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

दोन आकडे, दोन अर्थ

युरो ६ नियमांत १६ टनांवरच्या ट्रकसाठी ७ लाख किमी किंवा ७ वर्षं असा आकडा आहे. आपलं बीएस ६ युरो ६ च्याच धर्तीवर आहे. बरेच जण हा आकडा वाचून खूश होतात. पण ही वॉरंटी नाही. एवढ्या वापरानंतरही धूर मर्यादेत राहील, हे कंपनीने मान्यता घेताना दाखवायचं असतं. तुमच्या गाडीचा पार्ट फुकट बदलून मिळेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

अमेरिकेत मोठ्या डिझेल इंजिनाच्या उत्सर्जन भागांसाठी वेगळी कायदेशीर वॉरंटी आहे: ५ वर्षं किंवा १ लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किमी. आपल्याकडे मात्र गाडीसोबत आलेलं वॉरंटी बुक उघडायचं. इंजिनाची मुदत आणि कॅटलिस्ट, सेन्सर, इंजेक्टर यांची मुदत एकच असेल असं गृहीत धरू नका.

क्लेम कुठे अडकतो?

वॉरंटी असते ती बनवण्यातल्या दोषाला. वापरातल्या चुकीला नाही. नेहमीची कारणं ही:

१. घरगुती डीईएफ. शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवायचा. या युरियाला निंबोळी तेलाचं कोटिंग असतं आणि पाण्यात क्षार. दोन्ही कॅटलिस्टवर जाऊन बसतात. गंमत म्हणजे टाकीतला सेन्सर मुख्यतः प्रमाण तपासतो, शुद्धता नाही. म्हणून प्रमाण बरोबर जमलं तर दिवा लागत नाही आणि आपल्याला वाटतं, चाललं की! कॅटलिस्ट आतून हळूहळू खराब होत राहतं.

२. चुकलेली सर्व्हिस, चुकीचं ऑइल, भेसळीचं डिझेल.

३. दिवा लागूनही गाडी पळवणं. रीजनरेशनची सूचना किती वेळा दुर्लक्षित केली, हे ईसीयूत दिसू शकतं.

४. चिप. काही मेकॅनिक एक डबी बसवून देतात. ती कॉम्प्युटरला खोटंच सांगते की डीईएफ फवारलं जातंय. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही, त्यामुळे गाडी तिथे पास होते. पण अशी छेडछाड सापडली की वॉरंटी गेली. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाचे मानक मोडल्यास १० हजारांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स ३ महिन्यांसाठी जातं.

इथे तुमचा फोन कामाला येतो

घरात ट्रक असेल तर ही कामं तुम्ही करा. मामा-काकांना स्टिअरिंग सांभाळू द्या.

- वॉरंटी बुकच्या सगळ्या पानांचे फोटो काढा.
- डीईएफ सीलबंद कॅन किंवा पंपावरूनच घ्या. बिल, कॅनवरचा बॅच नंबर आणि किलोमीटर रीडिंग यांचा फोटो घ्या. कॅनवर आयएसओ २२२४१ लिहिलेलं आहे का, पाहा.
- दिवा लागला की डॅशबोर्डचा फोटो काढा. तारीख-वेळ आपोआप राहते.
- सर्व्हिस सेंटरला जॉब कार्ड आणि फॉल्ट कोडची प्रिंट मागा.

क्लेम नाकारला तर?

तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका. कारण लेखी मागा. सॅम्पल घेतलं असेल तर त्याचा रिपोर्टही मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

“ट्रक धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक नाही,” असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट अपवाद आहे: फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’त मोजत नाहीत. एकच ट्रक घेऊन स्वतः चालवणारा माणूस यात बसू शकतो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत मात्र २ वर्षांचीच आहे.

मामांचा क्लेम काही परत आला नाही. आयोगात जाऊन दाखवायला आमच्याकडे कागदच नव्हते. आता त्यांच्या फोनमध्ये ‘गाडी’ नावाचं फोल्डर आहे आणि प्रत्येक कॅनचा फोटो त्यात पडतो. ईसीयू कंपनीच्या बाजूने नोंदी ठेवतोच. आपल्या बाजूच्या नोंदी आपणच ठेवायच्या.